ओसरीवरून दिसलेले गाव

'घरधनीण' हा आपल्या भाषेतला एक मोठा गोड शब्द आहे. जुन्या कादंबऱ्यांत तो येतो, उखाण्यांत येतो. आणि सणासुदीला पंगतीत तृप्त झालेला पाहुणा वाढणाऱ्या बाईला उद्देशून तो उच्चारतो, तेव्हा ऐकणाऱ्या साऱ्यांनाच बरे वाटते. धनी म्हणजे मालक. तेव्हा घरधनीण म्हणजे घराची मालकीण. पण जिला हा शब्द लावला तिच्या नावावर ते घर आहे काय, असा प्रश्न कोणी केला तर प्रश्न करणाराच वेडगळ ठरेल. शब्द मानाचा आहे, मालमत्तेचा नाही, हे आपण सगळेच मनातून जाणून असतो.

सुमात्रा बेटाच्या उत्तर टोकाला आचे नावाचा प्रांत आहे. तेथल्या खेड्यांत बायकोला 'पो रुमो' म्हणतात. 'पो' म्हणजे धनी आणि 'रुमो' म्हणजे घर. शब्दाची घडण अगदी आपल्या घरधनिणीसारखी. मात्र तेथे तो शब्द जसाच्या तसा खरा आहे. घर बायकोचे असते, नवरा तेथे राहायला येतो. भाताचे शेतही पुष्कळदा तिचेच असते. आणि ही माणसे साधीसुधी नव्हे, चांगली निष्ठावंत मुसलमान आहेत. इतकी की आचेला सारा इंडोनेशिया 'मक्केची ओसरी' म्हणून ओळखतो.

या आचेनी शेतकरी गावाविषयीचे दोन ग्रंथ मी अलीकडे लागोपाठ वाचले. एक डच पंडित क्रिस्तियान स्नूक हुरग्रोन्ये याचा. आचेनी लोकांवरचा हा ग्रंथ डच भाषेत १८९३-९४ साली दोन खंडांत निघाला आणि १९०६ साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. दुसरा जेम्स सीगल या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाचा, १९६९ साली प्रसिद्ध झालेला 'द रोप ऑफ गॉड'. दोन्ही ग्रंथ थोर आहेत, हे प्रथमच सांगून टाकतो. तरीसुद्धा ते वाचून मिटले की मनात एक रुखरुख राहते. घर बाईचे आहे, हे दोघेही स्वच्छ सांगतात. पण घर बाईचे असणे म्हणजे नेमके काय, हे त्या बाईच्या बाजूने दोघांनाही पुरते पाहता आलेले नाही. दोघेही ओसरीवरच बसून राहिले आहेत. या ओसरीवरच्या दृष्टीला काय दिसले आणि काय निसटले, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आचे आपल्याला वाटते तितके दूर नाही. आपल्या ग्रेट निकोबार बेटाच्या दक्षिण टोकापासून सुमात्राचे टोक दोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. तेथल्या बोलण्यात आपल्या ओळखीचे शब्द अधूनमधून भेटतात आणि गंमत वाटते. घराच्या दोन मुख्य खांबांना 'राजा' आणि 'पुत्रो' म्हणतात. हा 'पुत्रो' म्हणजे आपली पुत्री. तेथे तिचा अर्थ राजकन्या असा झाला आहे. मालमत्तेला 'हरेता' म्हणतात, तो संस्कृत 'अर्थ' शब्दाचा मलाया देशाच्या वाटेने तिकडे गेलेला अवतार. लग्नकार्यात, मयताला, पेरणीच्या सुमारास शेतावर जे सामुदायिक जेवण होते त्याचे नाव 'खंदुरी'. आपल्याकडे पिराच्या दर्ग्यापुढे बकरे कापून जी कंदुरी करतात, तिचेच हे भावंड. दोघींचे मूळ एका फारसी शब्दात आहे.

गावाला 'गाम्पोंग' म्हणतात. नारळी-पोफळीच्या दाट सावलीत घरांचा पुंजका, आणि त्याच्या बाहेर उघड्यावर पसरलेली भातखाचरे, असे त्याचे रूप. या खाचरांच्या पट्ट्याला 'ब्लांग' हे नाव. गावाचा कारभारी तो 'केचिक'. धर्मकृत्ये पाहणारा तो 'तेंकू'. केचिक हा गावाचा बाप आणि तेंकू ही गावाची आई, असे आचेनी लोक म्हणतात, याची नोंद स्नूकने केली आहे. गावात 'मनासा' नावाची एक सार्वजनिक इमारत असते. 'मदरसा' शब्दापासूनच हे नाव आले. नमाज, बैठक, पाहुण्यांचा मुक्काम, सारे तेथे चालते. आणि जाणती झालेली मुले, बिनलग्नाचे तरुण, बायको गावात नसलेले पुरुष, हे सगळे रात्री तेथेच झोपतात. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढच्या साऱ्या कथेची मेख तीत आहे.

स्नूकच्या ग्रंथातली मला सर्वांत आवडलेली पाने घराच्या वर्णनाची आहेत. आचेनी घर उंच खांबांवर उभे असते. खालून माणूस सहज चालत जावा इतके उंच. त्याचे तीन भाग. पुढची ओसरी, मधला थोडा उंचावलेला माजघराचा भाग, आणि मागची ओसरी. पुढची ओसरी पुरुषांची आणि पाहुण्यांची. मागची बायकांची, चुलीची, घरच्या वापराची. मधल्या भागात 'जुरे' नावाची खोली. नवे जोडपे प्रथम तेथे भेटते, पुढे तेथेच संसार करते, आणि मेलेल्या माणसाला अखेरचे स्नान घालतात तेही तेथेच. घराखाली पायाने दाबून भात कांडण्याचे मोठे लाकडी कांडण असते, भाताची कणगी असते, कोंबड्या असतात. छप्पर झावळ्यांचे. ते अशा दोरांनी बांधलेले की आग लागली तर दोर तोडून सगळे शाकार खाली घसरवून देता यावे आणि खालचे लाकूड वाचावे.

या घरात लोखंडी खिळा नाही. खांब, तुळया, वासे, सारे खुंट्या आणि पाचरी मारून जोडलेले. त्यामुळे घर सुटे करून दुसरीकडे नेऊन पुन्हा उभारता येते. म्हणूनच आचेनी लोक घराची गणना जंगम मालमत्तेत करतात. आपल्या कायद्यात आणि आपल्या मनातही घर म्हणजे स्थावराचा कळस. तेथे घर हलते, आणि ज्याच्यासाठी ते हलते ती व्यक्ती म्हणजे मुलगी.

मुलीचे लग्न झाले की ती कोठे जात नाही. आईबापांच्या घरी ती राहते आणि जावई तेथे येतो. वर वधूला सोने देतो, त्याचे मोजमाप 'मायाम' या वजनात होते. एक मायाम म्हणजे सव्वातीन ग्रॅमांहून थोडे अधिक. आपल्या जुन्या तोळ्यात साधारण साडेतीन मायाम बसतात. काही काळाने, बहुधा मूलबाळ झाल्यावर, आईबाप लेकीची चूल वेगळी मांडून देतात. त्या वेळी ऐपतीप्रमाणे तिला घर मिळते, आणि शक्य असेल तर भाताचे शेतही. या देण्याला 'पेनूलांग' म्हणतात. मुली अधिक आणि पैसा थोडा असला, तर आईबाप आपली जुरे लेकीला सोडतात आणि स्वतः घराच्या कडेला एखादी जोड काढून तीत सरकतात. म्हातारपणी माजघरातून पडवीत येणे हे तेथे अपमानाचे नाही. लेक मार्गी लागली याची ती खूण आहे. आचे बेसार आणि पिदी या दोन जिल्ह्यांत ही रीत विशेष पक्की आहे. पहाडातल्या गायो लोकांची गोष्ट वेगळी.

येथे कोणी विचारील, की इस्लामी कायद्याने वारशात मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा. मग हे बसते कसे? ते मोठ्या कौशल्याने बसविलेले आहे. वारसा हा मेल्यानंतरचा विषय. माणसाने जिवंतपणी स्वखुशीने दिलेली देणगी त्या हिशेबात येत नाही. तेव्हा घर आणि शेताचा तुकडा आईबाप हयातीतच लेकीला देऊन मोकळे होतात. मागे राहील त्याची वाटणी धर्मशास्त्राप्रमाणे होते. शास्त्र आणि रूढी ही द्रव्य आणि त्याच्या गुणासारखी एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत, अशा अर्थाची आचेनी म्हण आहे. म्हणीतला डौल बाजूला ठेवला तरी व्यवहार सरळ आहे. कायदा न मोडता लेकीला छप्पर मिळाले. आपल्याकडे याच्या उलट चित्र दिसते. कायद्याने मुलीला वाटा दिला. महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली वडिलार्जित मिळकतीत ती मुलाच्या बरोबरीने हिस्सेदार झाली. आणि तरीही भाऊबिजेचे ताट घेऊन येणाऱ्या किती बहिणींनी हक्कसोडपत्रावर सही केलेली असते, याचा हिशेब प्रत्येक कुटुंबाने आपल्याशीच करावा.

शेताचीही गोष्ट अशीच ऐकण्यासारखी आहे. खाचराचे माप जमिनीच्या लांबीरुंदीत न सांगता, किती बियाणे लागते त्यावर सांगतात. पाण्याची पाळी आणि पेरणीची वेळ पाहायला खास माणूस असतो. पैशाची नड आली की शेत 'गाला' ठेवतात. म्हणजे सोने घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत शेत सावकाराने कसायचे. पण कापणी झाली, की पुढच्या हंगामापर्यंत सारा ब्लांग उघडा. बांध कोणाचा, खाचर कोणाचे, हे कोणी पाहत नाही. गावाची गुरे वाटेल तेथे चरतात. मालकी अशी वर्षातून काही महिने झोपी जाते आणि पेरणीबरोबर जागी होते. आपल्या गावांतूनही पीक निघाल्यावर धनगरांची मेंढरे कोणाच्याही रानात बसत आली आहेत. तेव्हा खेड्यातल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही, ओळख पटेल.

हे सगळे तपशील स्नूकने इतक्या बारकाईने टिपले आहेत, की त्याने वर्षानुवर्षे गावांत काढली असतील असे वाटावे. वस्तुतः या ग्रंथासाठी तो आचेमध्ये राहिला तो जुलै १८९१ ते फेब्रुवारी १८९२ एवढाच काळ, आणि तोही बहुतांशी डच सैन्याच्या तटबंदीच्या आत. कारण बाहेर युद्ध पेटलेले होते. १८७३ साली डचांनी आचेवर स्वारी केली होती आणि वीस वर्षे झाली तरी आचे हाती येत नव्हते. शत्रू कसा राहतो, कोणाचे ऐकतो, हे समजून घेण्यासाठी सरकारने या अरबी-पंडिताला पाठविले. १८८५ साली मक्केत राहून आलेला हा माणूस. त्याच्याशी आचेनी लोक मोकळेपणी बोलले. त्याने सरकारला जो अहवाल दिला, त्यातला समाजवर्णनाचा भाग म्हणजे हा ग्रंथ. राजकीय सल्ल्याचा उरलेला भाग गुप्त राहिला. सल्ल्याचे सार असे, की धर्मगुरूंचा प्रतिकार सक्तीने मोडावा आणि 'उलेबालांग' म्हणजे वंशपरंपरेच्या सरदारांना हाताशी धरावे. पुढे तेच धोरण राबविले गेले.

तेव्हा हा ग्रंथ वाचताना मन दुभंगते. ज्या हाताने घरातली पाचर न् पाचर मायेने नोंदली, त्याच हाताने ते गाव कसे जिंकावे याची टिपणे काढली. काही टीकाकार एवढ्यावरून ग्रंथ बाजूला सारतात. मला ते पटत नाही. टिपण खरे असेल तर ते ज्याच्याविषयी आहे त्याचेही असते; आज आचेनी अभ्यासकालाही आपल्या पणजीच्या घराचा आराखडा पाहायचा तर स्नूककडेच जावे लागते. माझा आक्षेप निराळा आहे. स्नूकला ही माहिती दिली ती पुरुषांनी. तटबंदीच्या आत त्याला भेटायला येणारे पुरुषच होते. साहजिकच मागच्या ओसरीचे वर्णन आले ते जागेचे आले; तेथे बसणाऱ्या बाईचे बोलणे आले नाही. घर तिचे, असे सांगणारा साक्षीदार प्रत्येक वेळी तिचा नवरा, भाऊ किंवा बाप आहे. एखाद्या संस्थानाची हकीकत केवळ तेथल्या पाहुण्यांच्या तोंडून लिहावी, तसे हे झाले.

सीगल गेला तो १९६२ साली. तोवर पुष्कळ पाणी वाहून गेले होते. डच गेले, १९४५ च्या अखेरीस आणि १९४६ च्या आरंभी पिदी भागातल्या उलेबालांगांची सत्ता रक्तपाताने संपली, १९३९ साली स्थापन झालेल्या उलेमांच्या संघटनेचे पुढारी दाऊद बेरेऊए यांनी १९५३ साली मध्यवर्ती सरकारविरुद्ध बंड उभारले आणि ते १९६२ मध्ये शमले. हे सारे का घडले, सामान्य शेतकऱ्याला या उलेमांच्या बोलण्यात काय सापडले, हा सीगलचा प्रश्न. उत्तर शोधताना तो राजवाड्यात गेला नाही, कचेरीत गेला नाही. तो पिदीतल्या गावात, पुरुषाच्या जेवणाच्या पानाशी येऊन थांबला. ही त्याची प्रतिभा.

तो पाहतो ते असे. मुलगा थोडा मोठा झाला की आईच्या घरातून मनासात झोपायला जातो. घर बहिणीचे होणार हे त्याला माहीत असते. लग्न झाले की तो बायकोच्या घरी येतो, तेथेही पाहुणाच. गावात त्याला करण्यासारखे फारसे काही नाही; नांगरट झाली की शेत बायका पाहतात. म्हणून तो परगावी जातो. पूर्वी मिरीच्या मळ्यांत जात असे, पुढे बाजारपेठांतून कापडाचा नि इतर किरकोळ व्यापार करू लागला. रमजानच्या महिन्यात सारे पुरुष गावी परततात. पहिले काही दिवस गोडधोड होते. मग आणलेला पैसा संपत येतो, पानातले पदार्थ साधे होत जातात, आणि हा परत केव्हा जाणार असे घराच्या भिंतीच विचारू लागतात. उपवासाच्या या महिन्याचे सीगलने केलेले वर्णन कोणत्याही चांगल्या कादंबरीच्या तोडीचे आहे. त्यात करुणा आहे, नर्म विनोद आहे, आणि कोठेही उपहास नाही.

अशा माणसाला, सीगल म्हणतो, मशिदीतल्या रांगेत उभे राहिल्यावर जे मिळते ते गावात कोठेच मिळत नाही. तेथे तो कोणाचा जावई नाही, कोणाचा पाहुणा नाही. वासनेवर विवेकाने जय मिळवणारा, सर्वांच्या बरोबरीचा असा एक माणूस आहे. कुराणात सर्वांनी मिळून ईश्वराची दोरी धरून राहण्याचा जो उपदेश आहे, त्यावरून ग्रंथाचे नाव आले. दाऊद बेरेऊए यांच्या हाकेसरशी शेकडो माणसे कालवा खणायला कशी जमली, ते सांगताना ग्रंथाची सगळी सूत्रे एकत्र येतात. धर्म म्हणजे पोटाच्या प्रश्नावरचे पांघरूण, असे सांगून मोकळे होणारे पंडित पुष्कळ आहेत. सीगल तसे करीत नाही. माणसाची मालमत्तेतली जागा आणि त्याची श्रद्धा यांचा संबंध तो दाखवितो, पण एकीत दुसरी विरघळवून टाकत नाही. या संयमासाठी मी या ग्रंथाला फार वरची जागा देईन.

आणि तरीही तो ओसरीवरचा ग्रंथ आहे. त्यातली बायको आपल्याला दिसते ती परतलेल्या नवऱ्याच्या डोळ्यांनी. पैसे किती आणलेस, हे विचारणारी. तिने हे का विचारावे? कारण छप्पर तिचे आहे. झावळ्यांचे शाकार काही जन्मभर टिकत नाही. ते बदलायचे तर पैसा लागतो. शेत गाला पडले असेल तर ते सोडवायला सोने लागते. दोन मुली असतील तर दोन घरांची तजवीज तिला आतापासूनच करायची आहे. नवऱ्याने जी हाव म्हणून पाहिली ती पुष्कळ वेळा मालकिणीची काळजी आहे. मालमत्ता म्हणजे केवळ अधिकार, असे ज्याच्याजवळ ती नाही त्याला वाटते. जिच्याजवळ आहे तिला ठाऊक असते की तो अर्धाअधिक खर्च आहे. सीगलने पुरुषाच्या पोरकेपणाला शब्द दिले. बाईच्या या हिशेबाला त्याच्या ग्रंथात पुरेशी जागा मिळाली नाही. या ग्रंथाचा मला जाणवणारा मोठा दोष हाच.

सुदैवाने पुढच्या अभ्यासकांनी मागच्या दाराकडे थोडी पावले टाकली. सिंहलद्वीपात जन्मलेले चंद्र जयवर्धन यांनी १९७७ साली आचे बेसारमधील स्त्रिया आणि नातेसंबंध यांवर लिहिलेला निबंध मोलाचा आहे. आई, लेकी, मावश्या, बहिणी यांची घरे शेजारी शेजारी कशी असतात, आणि गावाचे खरे गोत हा बायकांचा पुंजका कसा असतो, हे त्यांनी दाखविले. सीगलचा एकाकी नवरा ज्या घरात पाहुणा आहे, त्या घराच्या चहूबाजूंना बायकोचे माहेरच पसरलेले आहे, हे ध्यानात आले की त्याचे एकाकीपण अधिक समजते आणि तिचा आत्मविश्वासही. जॅकलिन सियाप्नो या विदुषीने २००२ सालच्या आपल्या ग्रंथात आचेनी स्त्रीच्या सामर्थ्याचा आणि त्या सामर्थ्याच्या मर्यादांचा विचार आणखी पुढे नेला.

हा वाद केवळ पुस्तकांतला राहिला असता तर मी दिवाळीच्या दिवसांत वाचकांना त्यात ओढले नसते. पण गाव कोणाच्या डोळ्यांनी पाहिले यावर गावाचे कागद कसे लिहिले जातात हे ठरते. १९७४ साली इंडोनेशियाचा विवाह कायदा झाला. त्याच्या एकतिसाव्या कलमाने नवरा हा कुटुंबप्रमुख आणि बायको ही गृहिणी, असे ठरवून टाकले. साऱ्या देशाला एकच साचा. पो रुमोला त्या साच्यात खोली नव्हती. घरची मालकीण एका ओळीत घर सांभाळणारी झाली. गावात कोणी तिचे घर काढून घेतले नाही. पण सरकारी कागदावर तिची ओळख बदलली.

त्या बदलाची किंमत तीस वर्षांनी कळली. २६ डिसेंबर २००४, रविवार. सकाळी समुद्र आचेच्या किनाऱ्यावर चालून आला. इंडोनेशियात दीड लाखाहून अधिक माणसे गेली. आपल्या निकोबारलाही तीच लाट लागली. ऑक्सफॅम या संस्थेने आचे बेसारमधल्या चार गावांत वाचलेल्यांची मोजदाद केली, तेव्हा ६७६ जणांत बायका केवळ १८९ निघाल्या. पुरुष समुद्रावर किंवा कामानिमित्त बाहेर होते. पोहणे आणि झाडावर चढणे त्यांना येत होते. बायका घरी होत्या, आणि मुले कडेवर घेऊन पळणाऱ्याचा वेग तो किती असणार? घर जिचे ती घरापाशी सापडली. ज्या पुरुषांना गावात आपले म्हणून घर नव्हते, तेच पुष्कळ ठिकाणी उरले.

मग प्रश्न आला की ही जमीन कोणाची? घरे खांबांसकट वाहून गेली होती. बांध, कुंपणे, माडांच्या रांगा, कशाचाच मागमूस उरला नव्हता. जमिनीचे कागद फार थोड्यांकडे होते, आणि जे होते तेही भिजून नाहीसे झाले. २००५ पासून जमिनीच्या नव्या नोंदींची मोठी योजना राबविण्यात आली. गावकऱ्यांनी स्वतः हद्दी दाखवायच्या, शेजाऱ्याने शेजाऱ्याचा बांध कबूल करायचा, केचिकने सही करायची, अशी तिची पद्धत. पद्धत शहाणपणाची होती. गावाने गावाची स्मृती एकत्र बसून पुन्हा जमिनीवर आखली, हे दृश्य मला फार हृद्य वाटते. शरियत न्यायालयांनीही वारसा आणि पोरक्या मुलांचे पालकत्व यांचे निवाडे करायला मदत केली. पण नव्या घरांच्या याद्यांत आणि नोंदींच्या कामात 'कुटुंबप्रमुख' हा शब्द पुन्हा पुन्हा येत होता, आणि त्या शब्दाचा अर्थ कायद्याने आधीच पुरुष असा ठरवून ठेवला होता. ज्या घरात बाई वाचली होती तेथेही कागद नवऱ्याच्या नावाने होण्याचा धोका उभा राहिला. पतिपत्नी दोघांची नावे लावावीत असा आग्रह पुढे धरला गेला, तो यामुळेच. ज्या प्रदेशात घर मुळातच बाईचे होते तेथे तिला निम्मी मालकी मिळावी म्हणून खटपट करावी लागली, यातला विपर्यास सांगायला टीकाकाराची गरज नाही.

याचा दोष स्नूकवर किंवा सीगलवर ठेवणे अन्यायाचे होईल. कायदे करणाऱ्यांनी त्यांचे ग्रंथ उघडले असते, तर उलट बायकांच्या मालकीचा भरभक्कम पुरावा त्यांना त्यांतच सापडला असता. मला म्हणायचे आहे ते एवढेच, की पाहुण्याच्या तोंडून सांगितलेल्या मालकीला वजन कमी येते. 'आमच्याकडे घर बायकोचे असते' असे नवऱ्याने म्हटले तर ती एक मौजेची चाल वाटते. 'हे घर माझे आहे, यात मी इतके घातले आणि धाकटीच्या लग्नाआधी मला इतके उभे करायचे आहे' असे बाईने म्हटले तर तो हक्क वाटतो. ग्रंथकाराने कोणाला बोलू दिले यावर वाचकाच्या मनात काय उमटते हे अवलंबून असते. समाजशास्त्राला हे लागू आहे, तितकेच आपल्या ग्रामीण कथा-कादंबरीलाही लागू आहे. तिच्यातही शेताचा बांध, भाऊबंदकी, सावकार हे सारे पुरुषांच्या तोंडूनच अधिक येते. चुलीपाशी बसलेल्या बाईला जमिनीविषयी काय ठाऊक आहे, हे विचारायला लेखक क्वचितच आत जातो.

ज्यांना हे ग्रंथ मिळतील त्यांनी ते अवश्य वाचावेत. स्नूकचे दोन्ही खंड सलग वाचण्याचे धैर्य नसेल तर घर, लग्न आणि शेती यांवरची पाने तरी वाचावीत. सीगलचे पुस्तक मात्र पहिल्यापासून अखेरपर्यंत वाचण्याजोगे आहे. आणि वाचताना मधूनमधून पुढच्या ओसरीवरून उठून, माजघर ओलांडून, मागच्या ओसरीकडे कल्पनेने एक फेरी मारावी. तेथे बसून एखाद्या आचेनी बाईने आपल्या घराची हकीकत लिहिली तर ती मला फार वाचावीशी वाटेल. तिच्यात दोरीचे आणि मुक्तीचे विवेचन कदाचित पुढे कधी येईल. आरंभी बहुधा यंदा छपराला झावळ्या किती लागल्या आणि त्यांचे पैसे कोणी दिले, हेच असेल.